गोल्ड पासमधली पितृशिळा

ढुंढिराज आठल्ये यांना प्रवाशांचा तिटकारा होता, आणि तरीही म्हातारपणी त्यांनी प्रवाशांना शहर दाखवण्याचं काम पत्करलं होतं. त्याआधी एकतीस वर्षं ते बनारसच्या स्टेशनावर चौकशीच्या खिडकीत बसले. रिटायर झाल्यावर दोन वर्षं घरात बसून त्यांनी बायकोच्या स्वयंपाकात चुका काढल्या. शेवटी मधुवंतीबाईंनीच त्यांना दार दाखवलं. "तुम्हाला चुका काढायला माणसं लागतात. बाहेर जा, तिथे ढीगभर आहेत."

योगायोगानं त्याच महिन्यात कुणाल नावाचा नाशिककडचा एक तरुण मॅनेजर त्यांच्या गल्लीत चौकशी करत आला. त्याच्या टूर कंपनीकडे महाराष्ट्रातून गर्दी येत होती आणि त्यांना घाटांची माहिती मराठीत सांगणारा माणूस हवा होता. आठल्यांच्या सात पिढ्या बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत गेलेल्या. घरात मराठी होती, तीही अशी हिंदीत भिजलेली की 'जरा खिडकी उघड, उमस होतेय' म्हणताना कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नसे. कुणालला ती फार गोड वाटली. ढुंढिराजांना कुणाल गोड वाटला नाही, पण त्यांनी होकार दिला.

कंपनीच्या पासचं नाव होतं 'पुण्यसंचय'. सिल्व्हरमध्ये पाच घाट आणि दोन मंदिरं. गोल्डमध्ये नऊ घाट, चार मंदिरं आणि आरतीला नावेत पुढची जागा. प्लॅटिनममध्ये हे सगळं, शिवाय होडी वेगळी, म्हणजे गोल्डवाल्यांचं तोंड बघावं लागू नये. प्रत्येकाच्या मनगटावर आपापल्या रंगाचा पट्टा आणि कानात गाइडचा आवाज पोचवणारं यंत्र. पंचगंगा घाटाला अकरा मिनिटं, अहिल्याबाई घाटाला सात. जिनं अर्ध्या हिंदुस्थानात घाट आणि देवळं बांधली त्या बाईच्या वाट्याला सात मिनिटं, आणि त्यातली तीन फोटोला. ढुंढिराज हे रोज मनात म्हणत आणि सातव्या मिनिटाला झेंडी वर करत.

कार्तिक सरत आला होता तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी सव्वीस जणांचा गोल्ड गट होता. त्यात रत्नाकर नावाचे एक निवृत्त विमा अधिकारी होते. पासबरोबर मिळालेली यादी त्यांनी घडी घालून खिशात ठेवली होती आणि प्रत्येक ठिकाण झालं की ते पेनानं त्यावर खूण करत.

पंचगंगेच्या उभ्या पायऱ्या उतरताना ढुंढिराजांनी सांगितलं की इथे पाच नद्यांचा संगम मानतात.

"कुठे आहेत पाच?" रत्नाकरांनी विचारलं.

"चार गुप्त आहेत."

"म्हणजे दिसते एकच. मग यादीत पाच का लिहिल्यात?"

ढुंढिराजांनी वरच्या मशिदीबद्दल सांगितलं, कार्तिकात बांबूंवर टांगतात त्या आकाशदिव्यांबद्दल सांगितलं. ऐकत कुणीच नव्हतं. दोन बायका साड्यांच्या दुकानाबद्दल बोलत होत्या, एक गृहस्थ मोबाइलवर कुणाला तरी 'मी काशीत आहे, काशीत' असं ओरडून सांगत होते. गट बालाजी घाटाच्या खालच्या अंगाला पोचला तेव्हा झेंडी वर करायला अजून चार मिनिटं होती.

"इथे काय आहे?" रत्नाकरांचं पेन तयार होतं.

"घाट आहे."

"ते दिसतंय हो. बघायचं काय?"

पाण्याच्या काठाला एक मोठा, तिरपा दगड होता. वापरून वापरून मधोमध खोलगट आणि आरशासारखा गुळगुळीत झालेला. तो सीता धोबिणीचा कपडे आपटायचा दगड. पंचवीसेक वर्षं ती आसपासच्या लॉजच्या चादरी त्यावर धूत आली होती. त्या वेळी ती वर पायऱ्यांवर चादरी वाळत घालत होती.

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. ढुंढिराजांनी आवाज खाली आणला. "ही पितृशिळा. डावा तळहात या खळग्यात ठेवायचा आणि सात श्वास मोजायचे. तीन पिढ्यांचं जे काही राहून गेलं असेल ते फिटतं." आणि मग, कारण सगळा खटाटोप त्यासाठीच होता, त्यांनी पुढे जोडलं, "मात्र सगळ्यांचं होईपर्यंत कुणी एक अक्षर बोलायचं नाही. बोललं की फळ जातं."

सव्वीस माणसं गप्प झाली. एकामागून एक वाकून ती धोबिणीच्या दगडावर हात ठेवत होती आणि ओठ न हलवता श्वास मोजत होती. ढुंढिराजांना महिन्यात पहिल्यांदा नदीचा आवाज ऐकू आला. रत्नाकरांची पाळी आली तेव्हा त्यांनी चष्मा काढला, आणि उठले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. ते बघून ढुंढिराजांना हसू दाबावं लागलं.

घरी येऊन त्यांनी ते मधुवंतीबाईंना रंगवून सांगितलं. बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यांच्या मेलेल्या आईबापांची थट्टा केलीत," त्या म्हणाल्या. "त्यात तुम्हाला कसली हुशारी वाटली?"

"अगं, गाढवाला गुळाची चव काय—"

"गूळ तुम्ही दिला कुठे? दगड दिलात."

आठवड्याभरात कुणाल मिठाईचा डबा घेऊन आला. रत्नाकरांनी कंपनीच्या साइटवर पाच तारे देऊन लांबलचक मजकूर लिहिला होता. तो वाचून दीडशे जणांनी विचारलं होतं की पितृशिळा कुठल्या पासमध्ये येते.

"काका, तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?"

"कारण ते मी त्या दिवशीच रचलं," ढुंढिराज म्हणाले. "तो धोबिणीचा दगड आहे."

कुणाल जराही विचलित झाला नाही. "काका, सगळंच कुणी ना कुणी कधीतरी रचलेलं असतं. तुमचं नवं आहे, एवढंच. आपण ते गोल्डमध्ये टाकतोय."

त्याच वेळी त्यांनी झेंडी त्याच्यापुढे टाकायला हवी होती. टाकली नाही. उलट चार दिवसांनी दगडापाशी लावायच्या फलकाचा मजकूर तपासायला आला तेव्हा त्यांनी चष्मा लावून त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, 'पितृऋण' नीट लिहिलं आणि एक वाक्य जास्त भारदस्त करून दिलं. आपलं वाक्य पितळी पत्र्यावर कोरलेलं बघायला कुणाला आवडत नाही? प्रवाशांच्या मूर्खपणाला हसणाऱ्या या गृहस्थांनी घाटावर उभं राहून तो फलक दोनदा वाचला.

मग दगडाभोवती दोर आला. शिवराम नावाचा एक माणूस खुर्ची, तांब्या आणि झेंडूच्या माळा घेऊन बसला. कालपरवापर्यंत तो होड्यांची तिकिटं फाडत होता, आता कपाळाला भस्म फासून लोकांना श्वास मोजून देऊ लागला. सिल्व्हरवाल्यांना दोराबाहेरून नमस्कार, गोल्डवाल्यांना सात श्वास, प्लॅटिनमवाल्यांना एकवीस.

सीतेला कंपनीच्या माणसांनी खालच्या बाजूला हाकललं. तिथे पूर उतरल्यावर मागे राहिलेला गाळ होता. ती एका फरशीच्या तुकड्यावर कपडे आपटू लागली, चादरी मातकट निघू लागल्या, आणि एकेका लॉजनं तिचं काम काढून घेतलं. ढुंढिराज रोज गट घेऊन तिथून जात. ते तिच्याकडे बघायचं टाळत आणि आपण टाळतोय हे त्यांना कळत असे.

माघाच्या सुरुवातीला एका सकाळी तिनं त्यांना पायऱ्यांवर गाठलं. हात थंडीनं आणि सोड्यानं फुटलेले, कडेवर चार-दोनच कपडे.

"पंडितजी," ती म्हणाली, "इस पत्थर में आपके कौन-से पुरखे बैठे हैं? मेरे तो ससुर बैठे हैं. चुनार से नाव पर लादकर लाए थे."

ढुंढिराजांनी खाली दगडाकडे पाहिलं. सात पिढ्या या घाटावर काढून त्यांनी तो दगड कुणी आणला हे कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

"लोग कहते हैं, कथा आपकी है," सीता म्हणाली, आणि चढून निघून गेली.

ते तसेच कुणालच्या ऑफिसात गेले. दगड सोडा, म्हणाले, तिची रोजीरोटी आहे. कुणालनं त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि मार्चपर्यंतची बुकिंगं दाखवली. "तिला दुसरा दगड देऊ या ना. दगडाला काय तोटा आहे, काका?"

दुसऱ्या दिवशी अमरावतीचा गट होता. दोरापाशी पोचल्यावर शिवरामनं माळा पुढे केल्या, पंधरावीस जणांचे हात ठेवून झाले, आणि गोष्ट ऐकायला सगळे ढुंढिराजांकडे वळले.

"हा कपडे धुण्याचा दगड आहे," ढुंढिराज म्हणाले. सगळ्यांच्या कानातल्या यंत्रांतून ते नीट ऐकू गेलं. "पितृशिळेची गोष्ट मी स्वतः रचली. कार्तिकात. तुमच्यासारख्याच एका गटाला गप्प करायला."

मग एक गृहस्थ समजूतदारपणे हसले. "परीक्षा घेतायत. अशा ठिकाणी असं असतं. श्रद्धा डळमळते का बघतात."

"परीक्षा नाही हो. खोटं आहे ते."

"खरे साधक असंच सांगतात," दुसरा म्हणाला, आणि मागे राहिलेल्यांनी घाईघाईनं हात ठेवायला सुरुवात केली.

खोटं एका झटक्यात गळी उतरलं होतं, खरं मात्र घशाखाली जाईना. ढुंढिराजांचा संयम सुटला. "तुम्ही ज्या लॉजवर उतरलात ना, तिथल्या चादरी कालपरवापर्यंत याच दगडावर धुतल्या जायच्या. लोकांनी ओकलेल्या, मुलांनी भिजवलेल्या, सगळ्या. तुम्ही हात त्याच खळग्यात ठेवलेत."

आता मात्र परिणाम झाला. पिशव्यांतून सॅनिटायझरच्या बाटल्या निघाल्या. मघाचे समजूतदार गृहस्थ कोपरापर्यंत हात चोळू लागले. कुणी पैसे परत मागितले, कुणी व्हिडिओ काढला. शिवराम माळा गोळा करून बाजूला झाला. आपल्याला फसवलं याचा राग एकालाही नव्हता, घाणीला हात लागला याचा होता. ढुंढिराजांच्या मनात आलं, बरोबर, माणसाची जात हीच. आणि ते विचारात तसेच उभे असताना एक साठीची बाई त्यांच्यासमोर आली.

तिनं हात पुसले नव्हते. गळ्यातल्या ओळखपत्रावर 'इंदू' लिहिलं होतं.

"मी मुलासाठी हात ठेवला," ती हळू म्हणाली. "चार वर्षं झाली त्याला जाऊन. खोटं होतं तर आधी सांगायचं होतं. नाहीतर मग नंतर सांगायचं नव्हतं. मधेच सांगितलंत."

स्टेशनच्या खिडकीत एकतीस वर्षांत हजारो लोकांना त्यांनी एका वाक्यात वाटेला लावलं होतं. या बाईच्या वाट्याला तीनच शब्द आले. "चूक झाली माझी," ते म्हणाले. तिनं मान हलवली. माफ केलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. आणि ती पायऱ्या चढू लागली. पायऱ्या उभ्या होत्या. ते तिच्या मागे दोन पायऱ्या सोडून वरपर्यंत गेले. तिनं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत त्यांची झेंडी कंपनीनं परत घेतली. व्हिडिओ सगळीकडे फिरला, आणि पाचव्या दिवशी फलक आणि दोर निघाले. पितृशिळा मात्र गेली नाही. कंपनीनं ती नावेच्या धक्क्याजवळ, दुसऱ्या घाटावर हलवली. दगड नवा, खळगा पाथरवटाकडून करून घेतलेला. गोष्ट आता रेकॉर्ड केलेली होती, एका गोड आवाजातल्या मुलीनं वाचलेली, ढुंढिराजांचे ऱ्हस्व-दीर्घ शाबूत ठेवून. कुणी विचारलं तर शिवराम सांगे की मूळ शिळा हीच, खालची नक्कल होती.

सीता आपल्या दगडावर परतली. ढुंढिराज तिला भेटायला गेले तेव्हा तिनं कपडे आपटणं थांबवलं नाही.

"पत्थर मिल गया," ती म्हणाली. "चादरें कौन लाएगा?"

आभाराची अपेक्षा नव्हती असं ते नंतर मधुवंतीबाईंना म्हणाले. बाईंनी ते खरं मानलं नाही, पण डोक्याला बांधायला मफलर काढून दिला. पुढचे आठ दिवस ढुंढिराज लॉज-लॉज फिरले. पाच लॉज होते. दोन मालकांनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही. एकानं सांगितलं की चादरी आता मशीनमध्ये धुतात. राहिलेल्या दोघांनी, त्यांच्या वयाकडे बघून की कटकट टळावी म्हणून, कळलं नाही, पण सोमवारपासून कपडे द्यायचं कबूल केलं.

सोमवारी पहिलं गाठोडं आलं. सीतेनं ते सोडलं, चादरी एकेक करून उजेडात धरल्या, आणि एकीवरचा चहाचा मोठा डाग त्यांना दाखवला. ढुंढिराज म्हणाले, हा काही निघायचा नाही. तिनं चादर पाण्यात बुडवली आणि त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, कारण आपटताना शिंतोडे उडतात.