एक बोट फट

गुलाम रसूलच्या पडवीतला व्हाइस, म्हणजे लोखंड जबड्यात पकडायचा शिकंजा, दोघांचा होता. घुग्घुसच्या खाणीत तो आणि बापूराव तीस वर्षं एकाच पाळीत फिटर. निवृत्त झाल्यावर दोघांनी भंगारातून हा सहा इंची व्हाइस उचलून आणला, टेबलाला बोल्टांनी पक्का केला आणि गावाचे विळे, कुऱ्हाडी घासून द्यायला लागले. नियम खाणीतलाच: काम संपलं की जबडे एक बोट उघडे ठेवायचे. आवळून सोडलेला व्हाइस म्हणजे फिटरची बेअब्रू.

पोळ्याच्या आधी बापूरावला झटका आला आणि उजव्या हातातला जोर गेला. तरी गडी रोज नऊला हजर. अर्धवट आवळायचा, वाकडी धार काढायचा आणि खुशीत घरी जायचा. दुपारी गुलाम रसूल तेच सगळं पुन्हा घासायचा. त्याचाही खांदा कामातून गेला होता. जीव मेटाकुटीला आला होता. सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण सांगितलं तर हा यायचा बंद होईल आणि खाट धरेल, या भीतीने तोंड उघडत नव्हतं.

काल मात्र गुलाम रसूल इतका थकला, की कुऱ्हाड व्हाइसमध्ये आवळलेली तशीच सोडून आडवा झाला. सकाळी चहा घेऊन बाहेर येतो तर बापूराव दोन्ही हातांनी व्हाइसच्या दांडीशी झटत होता. दांडी हलत नव्हती.

"मी तं काल कुऱ्हाड काढून, एक बोट फट ठेवून गेलतो," बापूराव म्हणाला. त्याने पात्यावरून अंगठा फिरवला. धार सरळ होती. "कवापासून, रसूलभाऊ?"

"पोळ्यापासून."

"अन् मी घरी बायकोले रोज सांगून राह्यलो, हात सुधरून राह्यला म्हणून. डाक्टरलेही तेच सांगतलं."

गुलाम रसूलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो दांडी सैल करायला गेला, तर खांद्यातून कळ निघाली. शेवटी दोघं मिळून रेलले तेव्हा जबडे सुटले.

बापूरावने कुऱ्हाड बाजूला ठेवून एक विळा घेतला. "हा मी घासतो. तू हात नाई लावाचा."

"वाकडा होईन, बापूराव."

"होऊ दे. माहा तरी राहीन."

विळा सुटला. बापूरावने पुन्हा लावला, पुन्हा सुटला. गुलाम रसूल स्टुलावर बसून बघत होता. उठून एक वेढा आवळला असता तर काम झालं असतं. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.