न चाखता

अनन्यानं तिसऱ्यांदा वाइनचा ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि चवीच्या कार्डावर काहीच न लिहिता पेन खाली ठेवलं. तिच्या मागेच शेगडीवर आईचं लोणी कढत होतं. ते केव्हाच तपकिरी होऊन करपायला लागलं होतं, तरी तिनं मान वळवली नाही. उल्काताई वरच्या मजल्यावरून धावत खाली आल्या. त्यांनी आधी शेगडी बंद केली, मग लेकीकडे पाहिलं.

“अनू, तुला वास येत नाही?”

“येतो ना.”

“तूप करपलंय. तुझ्यापासून हातभर अंतरावर.”

अनन्यानं ग्लास बाजूला सारला. “थँक्सगिव्हिंगला तो व्हायरल ताप आला ना, तेव्हापासून. काहीच येत नाही, आई. टेस्टपण नाही. डॉक्टर म्हणतात, वेट करा. मी कुणाला सांगितलं नाही.”

इन्शुरन्समधली चांगली नोकरी सोडून ही मुलगी दोन वर्षं श्रूजबरीतल्या घराच्या गराजमध्ये चॉकलेट बनवत होती. आज चार वाजता मोना येणार होती. गावात तिचं वाइन आणि चीजचं दुकान होतं. तीन चॉकलेटं, तीन चीज आणि तीन वाइन यांच्या जोड्या तिला पसंत पडल्या, तर दुकानातल्या नाताळच्या पार्ट्या अनन्याला मिळणार होत्या. मागच्या वर्षीची टिपणवही होती, पण यंदाचा कोको नव्या मळ्यातला, त्याची चव वेगळी. वही असून नसल्यासारखीच.

“मोनाला फोन करते. कॅन्सल करते.”

उल्काताईंनी घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते. अमेरिकेतल्या एकतीस वर्षांत त्यांनी वाइनला ओठ लावला नव्हता; प्रत्येक पार्टीत त्या संत्र्याचा रस घेऊन बसत. त्यांनी खुर्ची ओढली.

“एकेक पुढे ठेव. मी वास घेते.”

“आई, हे टेस्ट करावं लागतं.”

“गणपतीत चाळीस माणसं जेवतात आपल्याकडे. नैवेद्य दाखवायच्या आधी मी कधी काही चाखलंय? मग आमटीतलं मीठ मला कसं कळतं?”

शाळेत असताना अनन्यानं मैत्रिणींना हे सांगून आईची भरपूर टिंगल केली होती. आत्ता तिला हसू आलं नाही.

उल्काताईंनी चॉकलेटचा तुकडा बोटांत धरून जरा ऊब दिली आणि मग नाकाशी नेला. लाल वाइन हुंगून म्हणाल्या, “वर्षभर मुरलेली चिंच. मिठात घातलेली.” जुन्या गूडा चीजला म्हणाल्या, “दुधाच्या पातेल्याची खरवड,” आणि त्याच्या शेजारी खारं मिल्क चॉकलेट सरकवलं. निळ्या बुरशीच्या चीजपाशी मात्र त्यांनी तोंड फिरवलं. मग पदर सारखा करून पुन्हा वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. शेवटी त्यांनी वेलचीचं पांढरं चॉकलेट उचललं.

“ह्याच्याबरोबर हे. आणि ती गोड दारू.”

“ब्लू चीजबरोबर डार्क देतात, आई.”

“देत असतील. तुझ्या ह्या डार्कला आधीच धुराचा वास आहे. दोघं भांडतील.”

धूर. मळेवाल्यानं पत्रात लिहिलं होतं की यंदा पावसामुळे काही बिया आगीवर वाळवाव्या लागल्या. ते पत्र अनन्यानं आईला दाखवलं नव्हतं. जे शिकायला तिनं पैसे भरून कोर्स केला होता, ते या घरात रोज सकाळी ओट्याशी उभं असायचं. तिला आईची थोडी भीतीच वाटली.

मोना बरोबर चारला आली. चाळिशीची, अमेरिकेतच वाढलेली, बोलणं सगळं इंग्रजीतलं. पहिल्या दोन जोड्यांना तिनं नुसती मान डोलावली. निळं चीज आणि पांढरं चॉकलेट तोंडात एकत्र टाकल्यावर ती चघळायची थांबली. मग फोन पालथा ठेवून तिनं तेच पुन्हा घेतलं, वर त्या गोड पोर्ट वाइनचा घोट घेतला.

“हे कुणाला सुचलं?”

‘मला’ म्हणणं सोपं होतं. सिंकपाशी उल्काताई धुतलेला डाव पुन्हा धुवत होत्या.

“आईला,” अनन्या म्हणाली. “मला दोन आठवड्यांपासून वासही येत नाही, चवही नाही. आणि आईनं यातलं काहीही चाखलेलं नाही. ती पीत नाही. तिनं फक्त वास घेतला.”

मोना दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग तिनं आपल्या ग्लासकडे पाहिलं, जणू तो आजच पहिल्यांदा हातात आला होता.

“एकवीस तारखेला माझ्याकडे मोठी पार्टी आहे,” ती हळूच म्हणाली. “चॉकलेटं तुझी. बोलायचं तू. पण कशाबरोबर काय ते आंटींनी सांगायचं, लोकांसमोर, असंच. आंटी, याल?”

उल्काताईंनी हात पुसले आणि लेकीकडे वळून मराठीत म्हणाल्या, “एकवीसला शनिवार. माझा कडक उपास असतो.”

अनन्याचा चेहरा पडला.

“अगं, उपाशीपोटी तर नाक जास्त चालतं. हो म्हणून सांग तिला.”