आधी घरचं

वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बँकेच्या उताऱ्यावरच्या एका ओळीभोवती पेन्सिलीनं गोल काढला. समोर बसलेल्या तिच्या मांडीवरचं बाळ त्या पेन्सिलीसाठी झेपावलं.

"एवढी रक्कम कुणाला दिलीत?"

"ताईंना, ह्यांच्या मोठ्या बहिणीला. लाँड्री काढताना त्यांनीच दिले होते. बुडायचंच आहे तर आधी घरचं तरी फेडावं, म्हणून मार्चमध्ये परत केले."

सांगताना तिची मान जरा ताठ झाली. ज्या हॉटेलच्या चादरींवर लाँड्री चालायची ते बिलं थकवून बंद पडलं, यंत्रांचे हप्ते तुंबले, ते भरायला दुसरं कर्ज, त्यावर तिसरं. पण ताईंना तोंड दाखवायला जागा होती.

"तिथंच चुकलात," वकीलबाई म्हणाल्या. "दिवाळखोरीचा अर्ज केलात की कोर्टाचा माणूस हे पैसे ताईंकडून परत मागणार. घरच्यांना वाढून बाकीच्यांना उपाशी ठेवता येत नाही."

"त्यांनी गुडघ्याचं ऑपरेशन केलं त्यात. आता कुठून आणतील?"

"राहती खोली त्यांच्याच नावावर ना?"

तिनं बाळाला घट्ट धरलं. "आणि अर्ज नाही केला तर?"

"केलात तर वसुली तरी थांबेल. नाही केलात तर त्या दोघांचं काय, ते तुम्हीच बघताय."

ते दोघं तिसऱ्या कर्जवाल्याचे. तीन दिवस लाँड्रीसमोर स्कूटर लावून बसले होते. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. काल त्यातल्या एकानं अगदी प्रेमानं विचारलं होतं, "वहिनी, बाळ दुपारी किती वाजता झोपतं?"

ती लाँड्रीत परतली तेव्हा नवरा इस्त्री करत होता. सगळं ऐकून म्हणाला, "ताईचं लिहूच नकोस. कोण बघतंय?"

"उताऱ्यात आहे ते. शपथेवर खोटं लिहून तुम्ही आत जाल, आणि मी चादरीही धुवायच्या नि तुमचा डबाही आणायचा?"

तेवढ्यात ताई पायऱ्या चढून आल्या. "बघा, काठीशिवाय," म्हणत त्यांनी बाळाला उचललं. नवऱ्यानं तोंड वाफेकडे फिरवलं.

आता आपणच बोलायला हवं, हे तिला कळलं. तिनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं, काही न गाळता.

ताई बाळाचं टोपडं सारखं करत राहिल्या. "म्हणजे माझेच पैसे मी परत घेतले, तो माझा गुन्हा?"

"नाही हो ताई. आमची चूक."

"गुडघा तर काढून नेणार नाहीत ना?"

कुणी हसलं नाही.

"आणि खोली?"

नाही म्हणायला तिची जीभ वळेना. "जाऊ शकते."

ताईंनी बाहेर पाहिलं. स्कूटरवरचा माणूस बाळाला हात हलवत होता. बाळानंही हात हलवला. ताईंनी हळूच पदर बाळाच्या तोंडावर ओढला.

"लिही," त्या म्हणाल्या. "पूर्ण नाव लिही माझं."

तिनं लिहिलं आणि खाली सही केली. नवऱ्याचीही घेतली. अर्ज उद्या सकाळी, कोर्ट उघडल्यावरच दाखल होणार होता.

बाहेर ते दोघं स्कूटरवरून उतरले आणि दोन्हीकडे नीट बघून रस्ता ओलांडू लागले.