अलालान

"हिरवा रंग मारायचा? झाडाला?"

"स्प्रे मिळतो रे," फोनवर शिरीषसाहेब म्हणाले. "उद्घाटनाला हिरवं दिसलं की खलास. पाहुण्यांना आपण सांगितलंय, झाड वाचवलं म्हणून."

प्रफुल्लनं रागानं फोन खिशात कोंबला. ओमानमधल्या जबल अखदर डोंगराच्या कड्यावर हॉटेल उभं राहत होतं, तिथला तो साइट इंजिनिअर. गेल्या वर्षी रस्त्याच्या आड एक जुनं जुनिपरचं झाड आलं. डोंगरातले लोक त्याला अलालान म्हणत. पूर्वीच्या घरांची छपरं त्याच्याच वाशांवर उभी असत, त्याची राळ जखमेवर लावत. शेळ्या राखणारे म्हातारे हमूद तेव्हा बुलडोझरसमोर जाऊन बसले होते, आणि प्रफुल्लनं शब्द दिला होता, "बाबा, तोडणार नाही. उचलून पलीकडे लावतो. जगेल."

जगलं नाही. क्रेननं उचलताना मुळं तुटली. टँकर कधी यायचा, कधी नाही. प्रफुल्ल स्वतः कॅन भरून न्यायचा, सुट्टीत मस्कतजवळ अल खौदला घरी जायचंही टाळायचा.

"त्या झाडाला तू एकटाच आहेस का रे?" बायको मैत्री वैतागायची. "इथे पोरगी मराठी विसरत चाललीय."

शेंडा तांबूस झाला, मग फांद्या. हमूद मात्र दर शुक्रवारी येऊन खोडाला टेकून कॉफी प्यायचे, "इन्शाल्ला" म्हणून जायचे. ते ऐकलं की प्रफुल्लला तोंड लपवावंसं वाटायचं.

आजही ते आले, तेव्हा गाडीतून स्प्रेचे डबे उतरत होते.

"बाबा," प्रफुल्ल मोडक्या अरबीत म्हणाला, "झाड मेलंय. केव्हाच. मला सांगवलं नाही."

हमूदनी कॉफीची वाटी त्याच्यापुढे धरली. "हिवाळ्यातच कळलं मला."

"मग येत का होतात?"

"तू पाणी घालत होतास. एकटाच."

वाटी रिकामी करून प्रफुल्ल उठला, डबे परत गाडीत ठेवायला लावले आणि करवत मागवली. मग शिरीषसाहेबांना फोन केला.

"साहेब, झाड तोडतोय."

"वेडा झालास? सलालाहला पाठवीन, नारळ मोजत बस!"

"पाठवा."

आतलं लाकूड तांबडं निघालं. उग्र गोड वास साइटभर पसरला. हमूदनी ते आपल्या घराच्या छपरासाठी मागितलं. मजुरांनी खोड पिकअपमध्ये चढवलं, तेव्हा हमूदनी खांद्यावरची शाल काढून त्यावर पांघरली. पुढे बसायला त्यांनी नकार दिला. गाडी सावकाश उतरू लागली आणि म्हातारा तिच्यामागून, मयताला जातात तसा, चालत निघाला. प्रफुल्लनं हेल्मेट काढून हातात घेतलं आणि त्यांच्या बरोबरीनं पाय उचलले.