धुतलेली मुळं

परळच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी कांद्याच्या मुळांवरचे जीवाणू तपासते. त्यातलाच एक आमच्या वॉर्डात संसर्ग पसरवतोय, हे मी छातीठोकपणे सांगत होते. प्रयोगशाळेचे प्रमुख नाईकसर हसायचे. "वॉर्ड रोज जंतुनाशकाने पुसतात. मातीतला जीव तिथे जगेल?"

नमुन्यासाठी लालबागच्या घरी, गॅलरीत कांदे लावले. लेकीच्या हापिसात चिखल कसा पाठवायचा, म्हणून आईने मुळं वॉर्डातल्यासारख्याच जंतुनाशकात भिजवून लख्ख केली. मी जाम भडकले. मग डोकं चाललं आणि तीच मुळं तपासली. जीवाणू वाढवायच्या काचेच्या बशीत वॉर्डातला तोच जीवाणू भरभरून पसरला होता.

बशी सरांसमोर ठेवली आणि मुळं आधी जंतुनाशकात भिजवलेली होती, हे सांगितलं.

"मुळं जंतुनाशकात कुणी बुडवली?" त्यांनी विचारलं.

"आईने. तुमच्यासारखाच तिचाही त्याच्यावर डोळे झाकून विश्वास."