पुट्टीला काही होऊ देणार नाही

पुट्टीला भरवायचं म्हणजे आधी मैत्रेयीला झोपवायचं. दोघींना एकदम भूक लागली तर माझं काही खरं नव्हतं. तशी पुट्टीला भूक लागत नव्हतीच. तिची भूक मीच ठरवायची. घड्याळाकडे बघायचं आणि म्हणायचं, चला, पुट्टीबाईंना भूक लागली.

तिच्या मानेतून, डाव्या बाजूने, एक नळी आत गेलेली होती. थेट अन्ननलिकेत. डॉक्टरांनी दिलेलं डब्यातलं खाणं मिक्सरमध्ये पाणी घालून फिरवायचं, गाळणीतून दोनदा गाळायचं, कोमट करायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचं. मैत्रेयी अंगावर पिते, तिच्यासाठी हे कधी करावं लागलं नाही. मनगटावर थेंब टाकायला मी मांजरीसाठी शिकले. मग सिरिंजने आधी थोडं पाणी, मग खाणं, अगदी हळू, मग परत पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. घाई केली की ती ओकायची. मानेभोवतीची पट्टी रोज बदलायची. त्यासाठी मैत्रेयीचे मऊ झालेले लंगोट कापले होते. बदकं छापलेला पिवळा लंगोट गळ्यात बांधून पुट्टी खिडकीत बसायची, आणि समोरच्या घरातली मुलं फाटकापाशी येऊन हसायची.

अण्णा त्या वेळी गच्चीवर जायचे. म्हणजे माझे सासरे. सरकारी कारखान्यात आयुष्यभर इंजिनिअर होते, बनशंकरीतलं हे घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय, गळकी मोटर अजूनही स्वतः उघडतात. पण मी सिरिंज हातात घेतली की त्यांना वाळत घातलेले कपडे आठवायचे. पंधरा-वीस मिनिटांनी जिन्यातूनच विचारायचे, “झालं का गं? राहिलं का पोटात?”

“राहिलं, अण्णा.”

“सरी.” मग खाली यायचे.

पुट्टी अक्कांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. प्रेमा त्यांचं नाव, पण मुलगा, सून, दूधवाला, सगळे अक्काच म्हणायचे. चामराजपेटेत जन्मलेल्या. माणसांशी मराठी बोलायच्या आणि मांजरीशी कन्नड. मांजराला मराठी कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मी नागपूरची. लग्न होऊन आले तेव्हा मला म्हणाल्या, “तुझं मराठी ऐकून पुट्टी घाबरते बघ. स्वल्प हळू बोल.” दहीभात कालवून बशीत घालायच्या, “बा पुट्टी, बा”, ये पुट्टी, ये, असं म्हणायच्या, आणि ती लोद्यासारखी लोळत यायची. मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात सुकी मासळीही असायची तिच्यासाठी. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. अण्णांना त्या डब्याचा वास यायचा, आणि ते म्हणायचे, “कुठलं तरी गटार तुंबलंय वाटतं.” अक्का म्हणायच्या, “तुम्ही इंजिनिअर ना? बघा की.” हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

श्रावणात एका सकाळी अक्कांनी मैत्रेयीला तेल लावलं, न्हाऊ घातलं, धुरी दिली, मला म्हणाल्या, “मी जरा पाठ टेकते.” आणि उठल्याच नाहीत. पुट्टी पायांशी झोपलेली होती.

दहावा श्रीरंगपट्टणला केला. मी घरी होते, हे सुशांतने, माझ्या नवऱ्याने, सांगितलेलं. पिंड ठेवले, कावळे घाटाच्या भिंतीवर येऊन बसले, पण खाली उतरेनात. अण्णा म्हणाले, नातीचं सगळं नीट करू. कावळे ढिम्म. सुशांत म्हणाला, अण्णांना एकटं सोडणार नाही. तरी ढिम्म. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून शिवू या. तेव्हा अक्कांचे भाऊ, बिंदुमाधवमामा, म्हणाले, “भावोजी, मांजरीचं बोला. ताईचा जीव तिच्यात.” एरवी कोणीतरी हसलं असतं. अण्णांनी हात जोडले. चारचौघांत कधी बायकोचं नाव न घेतलेला माणूस, मोठ्याने म्हणाला, “प्रेमा, पुट्टीला मी सांभाळीन. तिला काही होऊ देणार नाही.”

कावळा उतरला.

सुशांत म्हणाला, योगायोग असेल गं. मीही म्हटलं, असेल. अण्णा मात्र घरी आल्यावर आंघोळीच्या आधी पुट्टीला शोधत मागच्या अंगणात गेले.

पुट्टीने खाणं हळूहळू सोडलं. आधी दहीभात, मग मासळीही. अक्कांच्या पलंगावर, पायांच्या जागी बसून राहायची. आम्हाला वाटलं, दुःख आहे, उतरेल. दिवाळी यंदा नव्हतीच, पण त्या सुमाराला तिचे कान आतून पिवळे दिसायला लागले. डॉ. विद्या म्हणाल्या, लठ्ठ मांजराने खाणं थांबवलं की अंगातली सगळी चरबी लिव्हरवर येते, मग मळमळतं, म्हणून ते आणखी खात नाही. नळी घालू. बरीच मांजरं यातून उठतात.

अण्णांनी दुसरं काही विचारलंच नाही. “घाला,” म्हणाले.

आणि खरंच, सुरुवातीला ती उठली. पुन्हा अंग चाटायला लागली. एकदा मी दह्याचं बोट पुढे केलं, तर जिभेचं टोक लावलं. मी ओरडलेच. अण्णा गच्चीवरून धावत आले, आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून त्या बोटाकडे बघत राहिलो. त्या दिवशी अण्णांनी स्वतः फिल्टर कॉफी केली, मलाही दिली, आणि म्हणाले, “तू नसतीस तर मी काय केलं असतं गं.” सासऱ्यांनी असं म्हटल्यावर काय बोलायचं असतं ते मला माहीत नाही. मी साखर कमी आहे म्हणाले.

त्यानंतर तिने काहीच चाटलं नाही.

संक्रांतीच्या आधी मी एकटीच तिला तपासायला नेलं. मैत्रेयी पोटाशी बांधलेली, पुट्टी टोपलीत, वर टॉवेल. रिक्षावाला वळून म्हणाला, “येनु मेडम, बेक्का? मांजर? मला वाटलं जुळं आहे.” मी हसले. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्ताचे आकडे दोनदा बघितले. मग हिंदी-कन्नड मिसळून म्हणाल्या, “लिव्हर सावरेपर्यंत पोटात काही जावं म्हणून नळी होती. ते सावरत नाहीये. आता किडनीही गेल्यात. तिला चोवीस तास मळमळत असणार. आता आपण भरवतोय ते तिच्यासाठी नाही.”

“मग कोणासाठी?”

मैत्रेयीची टोपी डोळ्यांवर आली होती, ती त्यांनी वर सारली. “घरी बोला,” म्हणाल्या. “इंजेक्शनने त्रास होत नाही. झोप लागते, बस.”

घरी अण्णा फाटकातच उभे होते. “काय म्हणाल्या?”

“चालू ठेवा म्हणाल्या.”

सुशांतला मात्र सांगितलं. तो बोम्मसंद्र्याच्या कारखान्याची बस गाठायला उजाडायच्या आत निघतो, परततो तेव्हा दमलेला असतो. तो म्हणाला, “तू सांग ना अण्णांना. तुझं ऐकतात.”

“तुझे वडील आहेत.”

“म्हणूनच.”

मग कोणीच सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही सांगायचं नव्हतं. बाळंतपणात अक्कांनी माझं जे केलं, त्याची परतफेड करायला माझ्याकडे हे एवढंच होतं. सिरिंज धरली की वाटायचं, त्यांचंच काही तरी करतेय. पुट्टी मात्र सिरिंज बघितली की आता पळतही नव्हती. भिंतीकडे तोंड करून बसायची.

मग माझं दूध गाठलं. एका बाजूला दगड झाला, लाल झालं, फणफणून ताप आला. मैत्रेयीला जवळ घेतलं तरी कळ यायची. सुशांत कामावर होता. सकाळचं भरवणं कसंबसं झालं, दुपारी मला उठताच येईना.

अण्णा दारात आले. बाहेरच उभे राहून म्हणाले, “शलाका, तिचं… तिची वेळ झाली गं.”

“अण्णा, माझ्याच्यानं नाही होत.”

मग म्हणाले, “सांग. मी करतो.”

मी पडल्या पडल्या सांगत गेले. मिक्सर फिरला. गाळणीचा आवाज आला. “मनगटावर बघा.” “बघितलं.” “आधी पाणी.” “आधी पाणी,” ते पुन्हा म्हणाले, कारखान्यात कुणाची सूचना परत म्हणून दाखवतात तसं. “मग खाणं. हळू. एकदम दाबू नका.” “नाही दाबत.” दार उघडं होतं. हॉलमधलं मला दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

“ये बाळा. ये. पुट्टी… अगं, मी आहे. इकडे बघ. अगं, अशी काय करतेस. माझ्याकडे बघ ना.”

मग ओकल्याचा आवाज. मांजर ओकतं ना, आधी पोटातून ढवळून येतं, तसा. आणि अण्णा, “बरं बरं, बरं बरं.” मग काही तरी घासत जाण्याचा आवाज.

मैत्रेयी जागी झाली. मी तिला चांगल्या बाजूला घेतलं, पदर ओढला. अण्णा दारात येऊन उभे राहिले. एरवी मी तिला पाजत असताना ते खोलीच्या आसपासही फिरकत नाहीत. सदऱ्याच्या बाहीवर ओकारी, हातात अर्धी भरलेली सिरिंज.

“ती मोरीत गेली,” म्हणाले. “बादलीच्या मागे. ओल्यात बसलीय. मी काढायला गेलो तर… ओरबाडलंसुद्धा नाही गं तिने. नुसती अंग चोरून बसलीय.”

मी मैत्रेयीचं डोकं सावरलं.

“तुझ्याकडे बघते का ती?”

“नाही अण्णा.”

“कधीपासून?”

“झाले बरेच दिवस.”

“डॉक्टर चालू ठेवा म्हणाल्या नव्हत्या.” हा प्रश्न नव्हता.

“नव्हत्या.”

ते भिंतीला टेकले. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. सिरिंजकडे बघत म्हणाले, “मी रोज वरती उभा राहायचो. आणि ही इथे… रोज. माझ्या शब्दासाठी.” मग एकदम मला विचारलं, “तुझा ताप किती आहे?”

“उतरेल.”

“आधी तुला डॉक्टरकडे नेतो. मग तिला.” आणि दारातून वळता वळता, माझ्याकडे न बघता, “मोडला शब्द तर मोडला. तुझ्या सासूला काय सांगायचं ते मी बघेन.”

सुशांत दुसऱ्या दिवशी रजा काढून घरी राहिला. माझा ताप उतरला होता. चौघंही गेलो, टोपली अण्णांच्या मांडीवर. डॉ. विद्यांनी विचारलं, “कोण धरणार?” सुशांत पुढे झाला तर अण्णा म्हणाले, “तू मुलीला घे.”

त्यांनी पुट्टीला टेबलावर ठेवू दिलं नाही. हातातच धरलं. तिचं तोंड त्यांच्या कोपराकडे, कुणाकडेच न बघणारं. डॉक्टरांनी पायाला इंजेक्शनची जागा शोधली, तेव्हा अण्णा खाली वाकले आणि तिच्या कानात म्हणाले, “बा पुट्टी. बा.” त्यांचं कन्नड बाजारातलं, रिक्षावाल्यांशी बोलायचं. घरात ते कधी बोलले नव्हते. पुट्टीने कान हलवला, की मला तसं वाटलं, मला माहीत नाही. मग ती जड झाली. अण्णांचा हात खाली गेला त्यावरून कळलं.

डॉक्टर हळूच म्हणाल्या, “असंच घेऊन जाता?”

“नळी काढा,” अण्णा म्हणाले. “अशी नाही पाठवायची.”

टाके कापले, नळी सरकन बाहेर आली. इतकी लांब असेल असं मला वाटलं नव्हतं. भोकाभोवती भादरलेल्या जागी नवी लव आली होती, अगदी बारीक. अण्णा अंगठ्याने ती लव एका दिशेने बसवत राहिले. बराच वेळ. कोणी त्यांना घाई केली नाही.

मागच्या अंगणात, पंपाच्या खोलीपलीकडे, अण्णांनी आणि सुशांतने खड्डा केला. मग अण्णा सरळ मोरीत जाऊन गार पाण्याने आंघोळीला बसले. सुशांत दाराबाहेरून म्हणाला, “अण्णा, मांजराचं सुतक नसतं.”

“माहीत आहे मला,” आतून आवाज आला, आणि तांब्यावर तांब्या पडत राहिला.

मी वरणभात वाढला. केस ओलेच ठेवून ते पानावर बसले, पण हात लावेनात. मैत्रेयी सुशांतच्या खांद्यावर पेंगत होती.

“शलाका,” ते म्हणाले, “विचारेल ती मला.”

खोटं कशाला बोलू.

“हो,” मी म्हटलं. “विचारतील.”

त्यांनी मान हलवली आणि भात कालवायला घेतला.