विहिरीच्या तोंडाशी घेतलेले नाव

वॉटल क्रीक हे आमचे गाव सकाळी फाटक उघडले की जन्मास येते आणि सायंकाळी ते मिटले की मावळते. सोन्याच्या शोधात इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आलेल्या आमच्या पूर्वजांनी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातील जी टेकडी पोखरली, तिच्यावरच त्यांच्या वस्तीची ही प्रतिकृती पर्यटकांसाठी उभी आहे. मी तेथे खाणीत उतरण्याच्या विहिरीवरचा रहाट फिरवतो. ही विहीर उथळ आहे. तळाशी एका बाजूस दार आहे. त्यातून नट आत शिरतो.

पास्को ट्रेगिअर हा तो नट, आणि वर त्याची पत्नी लव्हडे. दुपारच्या प्रवेशात खाण कोसळे. लव्हडे विहिरीच्या तोंडाशी धावत येऊन "पास्को" अशी हाक मारी. खालून हातोडीचा ठोका येई. ती पुन्हा हाक मारी. या खेपेस ठोका येत नसे. त्या निःशब्दतेत प्रेक्षकांचे डोळे पाणावत. प्रवेशात आपली खरी नावे घ्यावीत, ही पास्कोचीच कल्पना.

गेल्या हिवाळ्यात पास्को छातीच्या विकाराने खरोखरच गेला. त्याच्या जागी त्याचा मित्र डेन्झिल खाली उतरू लागला, तेव्हा मी लव्हडेला म्हणालो, "पोरी, आता नाव बदल. मेलेल्याला खाणीच्या तोंडाशी हाक मारू नये, असं माझे आजोबा सांगायचे. हाक ऐकली की त्याला यावंच लागतं."

"मग येऊ दे की, डिगरीकाका," ती म्हणाली. "घरी कुठे येतो तो?"

तिने नाव बदलले नाही. एके दिवशी दुसऱ्या हाकेलाही खालून ठोका आला. प्रयोग संपताच मी डेन्झिलला खडसावले.

"शप्पथ काका, हातोडी केव्हाच खाली ठेवली होती मी." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आणि वहिनी, तुम्ही हसताय काय? इथे माझी बोबडी वळलीय."

"एरवी तरी तुझं बोलणं कुणाला कळायचं?" लव्हडे म्हणाली. पास्को गेल्यापासून मी तिला प्रथमच हसताना पाहिले.

डेन्झिल त्यानंतर खाली उतरला नाही. मी स्वतः ते दार लावून अडसर घातला. तरी हाकेला ठोका येतच राहिला. प्रेक्षक टाळ्या वाजवीत. लव्हडे फाटक उघडण्यापूर्वीच येऊ लागली. विहिरीच्या काठावर बसून हाक मारी, उत्तर ऐकून तृप्त होई. तिची ती तृप्ती मोडण्याचे धैर्य मला झाले नाही.

मग एका सायंकाळी ती काठावरून उठेना.

"काका, ठोक्याआधी तुम्हाला काही ऐकू येतं?"

मी ऐकले होते. असत्य बोलवेना. "धाप," मी म्हणालो.

"हातोडी उचलताना लागते त्याला. शेवटी शेवटी चमचा उचलतानाही लागायची, तशीच." तिने विहिरीकडे पाठ केली. "मला वाटलं होतं, निदान त्यातून तरी सुटला. आणि मी रोज त्याला हातोडी उचलायला लावतेय. पण उद्या मी बोलावलं नाही, तर तो पुन्हा कधीच…"

देहासवे देहाची वेदना सरावी, एवढा तरी अधिकार मृताला असतो, असे मी मानतो. पण ते तिला सांगणारा मी कोण?

दुसऱ्या दिवशी खाण कोसळली. लव्हडे धावत आली, काठाशी गुडघे टेकून बसली. तिचे ओठ विलग झाले. हाक मात्र आली नाही.

प्रेक्षक ताटकळले. "ओळ विसरली वाटतं बाई," पुढच्या रांगेतला एक गृहस्थ पत्नीच्या कानाशी कुजबुजला.

आणि खालून, कोणी न बोलावता, ठोका आला.

लव्हडेची बोटे माझ्या मनगटात रुतली. पुन्हा ठोका आला, आणि त्याच्या आधीची धाप इतकी निकट, की जणू कोणी वर चढून आले होते आणि नावाची वाट पाहत थांबले होते. तिने एप्रनचा बोळा करून तोंडात कोंबला.

त्यानंतरचा ठोका खालचा होता. त्याच्या पुढचा त्याहून खालचा. मग एक आला तो अशा खोलीतून, जेवढी खोली आमच्या त्या विहिरीला नाहीच.

प्रेक्षक कुरकुरत पांगले. शेवटचा मनुष्य दिसेनासा होईपर्यंत तिने तोंडातला बोळा काढला नाही, आणि मीही तिला काढू दिला नसता.